ती तिथं गेलीच कशाला?



आपल्या भाषेत एक प्रश्न आहे. तो विचारायला शिक्षण लागत नाही. पोलीस विचारतो, वकील विचारतो, डॉक्टर विचारतो, शेजारीण विचारते आणि मोर्चात निळा झेंडा धरणारा आपला पोरगाही विचारतो. ती तिथं गेलीच कशाला? या प्रश्नाची भावंडं पुष्कळ. एवढ्या रात्री? तसले कपडे घालून? त्याच्याशी हसून बोलत होती ना? ओरडली का नाही? लगेच का नाही सांगितलं? आधी कुणाबरोबर होतीच की!

मी गोदीत हमाली करतो. मॅट्रिक झालो आणि कामाला लागलो. मोठे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. पण हा प्रश्न मला ग्रंथाशिवाय कळतो, कारण तो आम्हालाही विचारतात.

दोन वर्षांमागं लोखंडी प्लेटा उतरवताना स्लिंग तुटली. आमच्या टोळीतल्या एकाचा पाय खाली सापडला. गुडघ्याखाली चेंदामेंदा. कंत्राटदाराचा माणूस धावत आला. स्लिंग कधी तपासली होती, हे त्यानं विचारलं नाही. त्यानं विचारलं, हा खाली उभाच का राहिला? हेल्मेट होतं का? सकाळीच टाकून आला होता का? पाय चिरडलेला माणूस धक्क्यावर पडलेला आणि दुसरा माणूस वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतोय.

त्या वेळी टोळीतल्या कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. सगळ्यांच्या डोक्यात एकदम लख्ख पडलं. त्याला काहीच माहिती करून घ्यायची नव्हती. त्याला पैसे वाचवायचे होते. दोष जखमीच्या अंगावर चढवला की स्लिंग सुटते, क्रेन सुटते, कंत्राटदार सुटतो. आम्ही काम बंद केलं. दोन तास एकही प्लेट हलली नाही.

आणि हीच टोळी. पेपरात बलात्काराची बातमी आली की चहाच्या वेळेला कुणीतरी म्हणतंच, पण ती तिथं गेलीच कशाला? कंत्राटदाराचा प्रश्न आमच्याच तोंडात येऊन बसलेला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. हा प्रश्न कानावर आला की त्याचं उत्तर शोधत बसू नका. आधी बघा, हा प्रश्न कुणाला सोडवतोय.

देसाईगंजचं बघा. वडसा-देसाईगंज, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आता गडचिरोलीत. २६ मार्च १९७२ ची रात्र. मोलमजुरी करणारी एक आदिवासी पोरगी. आईबाप नाहीत, भावाच्या आधारानं राहणारी. वय डॉक्टरच्या अंदाजानं चौदा ते सोळा. एका पोराशी तिचं जमलं होतं, लग्न करायचं होतं. भावानं पोलिसात तक्रार दिली म्हणून सगळ्यांना ठाण्यावर बोलावलं. जबाब झाले. बाकीच्यांना बाहेर काढलं, तिला थांबवलं. दार बंद झालं, दिवे गेले. बाहेर आली तेव्हा तिनं सांगितलं की आत पोलिसानंच आपल्यावर बलात्कार केला. ठाण्यासमोर लोक जमले, ठाणं पेटवायची भाषा झाली, तेव्हा कुठं तक्रार कागदावर उतरली.

मग कोर्ट. १ जून १९७४ ला सेशन्स कोर्टानं दोन्ही पोलिसांना सोडलं. पोरीला 'शॉकिंग लायर' म्हटलं. शरीरसंबंधाची सवय असलेली, म्हणजे संमती असणारच, असा हिशेब मांडला. १२ ऑक्टोबर १९७६ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला. भीतीनं गप्प पडून राहणं म्हणजे संमती नव्हे, इतकी साधी गोष्ट तिथं मान्य झाली. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा लागली. १९७८ ला सुप्रीम कोर्टानं दोघांनाही पुन्हा मोकळं केलं. अंगावर जखमा नाहीत, मग विरोध केला हे खरं कशावरून?

आता नीट बघा. या पोरीला ठाण्यावर पोलिसांनीच बोलावलेलं. ती तिथं गेलीच कशाला, हे इथं विचारता येत नव्हतं. म्हणून त्याचं भावंड पुढं केलं. ओरडली का नाही? जखमा कुठायत? अरे, पोलीस ठाण्यात ओरडायचं कुणाच्या नावानं? पोलिसांच्या? चौदा-सोळा वर्षांच्या, आईबाप नसलेल्या मजूर पोरीनं दोन वर्दीवाल्यांशी झुंज देऊन जखमा कमवायच्या आणि मग कोर्टात दाखवायच्या, तेव्हा तिचं 'नाही' हे 'नाही' धरणार?

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. १९८० मध्ये मुंबईत, दिल्लीत, नागपुरात बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीत संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टानं ते धरून चालायचं, असं ठरलं. मात्र सुटलेले सुटलेलेच राहिले. तिच्या नावावर देशाला कायदा मिळाला, तिला स्वतःला काय मिळालं?

आणखी एक गोष्ट. कायद्याच्या पुस्तकात त्या खटल्याचं नाव 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' असं आहे. तुकाराम म्हणजे त्यातला हेडकॉन्स्टेबल. पण लोकांच्या तोंडी राहिलं ते पोरीचं नाव. पोलिसाचं नाव पुस्तकात झाकलं गेलं, तिचं चावडीवर गेलं. आम्ही तिचं नाव इथं छापत नाही.

त्याच १९७२ साली, १५ ऑगस्टच्या 'साधना'त राजा ढाले यांनी दोन शिक्षा शेजारी शेजारी ठेवल्या. राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर किती, आणि दलित बाईचं लुगडं फेडलं तर किती. महाराष्ट्र खवळला. कशावरून खवळला? झेंड्याबद्दलच्या शब्दावरून. लुगड्याबद्दल बोलणारे बोटावर मोजण्याइतके निघाले. पन्नास वर्षं उलटून गेली, ती दोन पारडी अजून समोर आहेत.

कारण हा प्रश्न सगळ्या बायकांना विचारतात, पण सगळ्यांना सारखा विचारत नाहीत. त्याला जात आहे. वरच्या घरातल्या बाईला विचारतात, तू उंबरा ओलांडलासच का? आपल्या बाईला उंबराच नव्हता. ती शेतावर गेली, बिगारीला गेली, धुण्याभांड्याला गेली, कचरा वेचायला गेली. तिचं बाहेर असणं हाच तिच्याविरुद्धचा पुरावा. वाडा तिच्याच श्रमावर उभा, आणि बाहेर पडली म्हणून चालू तीच!

राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी. जातीनं कुंभार, सरकारच्याच कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करणाऱ्या. एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायला गेल्या म्हणून २२ सप्टेंबर १९९२ ला त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाल्याची तक्रार. नोव्हेंबर १९९५ मध्ये कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. वरच्या जातीची माणसं खालच्या जातीच्या बाईला हात लावून स्वतःला कशाला बाटवून घेतील, असा तर्क तिथं चालला. बघा हं. विहिरीवर आपली सावली पडली तर बाटतात. हे अंगावर येतात तेव्हा त्यांचा विटाळ कुठं जातो? कोर्टाच्या दारात मात्र तोच विटाळ त्यांचा साक्षीदार होऊन उभा राहतो! भंवरीदेवी तोंड लपवून बसल्या नाहीत. त्यांच्यावरच्या अत्याचारातून उभ्या राहिलेल्या अर्जावर १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला आणि कामाच्या ठिकाणी बाईला संरक्षण देणारे नियम देशात पहिल्यांदा लागले. आज ऑफिसात तक्रार समितीची पाटी लागते, ती लावणाऱ्यांपैकी किती जणांना भटेरी गाव माहीत आहे?

खैरलांजी आपल्याला सांगावं लागत नाही. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे. जमिनीचा वाद होता, मायलेकींनी साक्ष दिल्याचा राग होता. आणि प्रेतं मिळाल्यावर कुजबुज कसली पसरली? बाईच्या चालचलनाची. २००८ साली खुनासाठी शिक्षा झाल्या, पण बलात्काराचा आरोप खटल्यात उभाच राहिला नाही आणि ॲट्रॉसिटीचा कायदा कोर्टानं लावला नाही. जातीचा गुन्हा पुसला गेला, बाईवरचा गुन्हा पुसला गेला, कुजबुज तेवढी शिल्लक राहिली.

बरोबर चौदा वर्षांनी, २९ सप्टेंबर २०२० ला, हाथरसची दलित मुलगी दिल्लीच्या दवाखान्यात मेली. हल्ला झाला होता १४ तारखेला. पोलिसांनी रातोरात तिचं प्रेत जाळलं, घरच्यांना तोंडही बघू दिलं नाही. वरचा पोलीस अधिकारी जाहीर बोलला, वीर्य सापडलं नाही, म्हणजे बलात्कार नाही. नमुने घेतले होते अकरा दिवसांनी. मार्च २०२३ मध्ये कोर्टानं एकाला सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप दिली, तिघांना सोडलं, बलात्कार कुणावरच धरला नाही. मरताना ती पोरगी जे सांगून गेली, त्याला वजन किती? अकरा दिवसांच्या उशिराएवढंसुद्धा नाही.

कोर्टात काहीच हललं नाही असं मात्र कुणी म्हणू नये. बायका लढल्या म्हणून हललं. बाईचं चारित्र्य उकरून तिला खोटं पाडायची मुभा देणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम २००३ पासून गेलं. दोन बोटांची तपासणी बाईच्या अब्रूवर घाला घालते, असं सुप्रीम कोर्टानं २०१३ ला सांगितलं, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ ला बजावलं की जो डॉक्टर ती करील तो गैरवर्तनाचा दोषी. २०२० मध्ये मध्य प्रदेशात विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना कोर्टानं अट घातली होती, तिच्याकडून राखी बांधून घे! मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती अट रद्द केली. कायद्याच्या दारातून या प्रश्नाला एकेक पाऊल मागं ढकलत नेलं. तिथून हाकललेला प्रश्न आता राहायला कुठं आलाय? आपल्या वस्तीत.

हा अग्रलेख त्याच्यासाठी आहे.

गेल्या पावसाळ्यात आपल्यातल्या एका पोरीनं तक्रार दिली. कोण, कुठली, ते लिहीत नाही. शोधूही नका. जिच्यावर गुजरलं तिला शोधून काढणं म्हणजे तिच्या अंगावर आणखी एकदा जाणं. ज्याचं नाव तिनं घेतलं तो पाटलाचा नाही, शेठचा नाही. आपलाच आहे. जयंतीच्या मिरवणुकीत पुढं चालणारा. गुन्हा नोंदलाय, तो दोषी की निर्दोष हे कोर्ट ठरवील. त्याबद्दल मला इथं निकाल द्यायचा नाही.

मला बोलायचंय ते त्या चार जाणत्या माणसांबद्दल, जी चार वेळा तिच्या आईच्या दारात गेली. 'वहिनी, तक्रार मागं घ्या. समाजाची बदनामी होते. सवर्णांच्या हातात आयतं कोलीत मिळतं. पोरीचं लग्न व्हायचंय अजून.' आणि जाता जाता, 'तशी तीही तिथं गेलीच कशाला?'

यांतले एक गृहस्थ दर वर्षी या अंकाला पाच हजारांची देणगी द्यायचे. ती या वेळी आम्ही परत केली. म्हणून हा अंक आठ पानांनी कमी आहे. दोन कथा आणि सहा कविता पुढं ढकलल्या, त्यात माझीही एक आहे. कवींनी समजून घ्यावं.

आता त्यांचं म्हणणं एकेक करून घेऊ.

समाजाची बदनामी. बदनामी कशानं झाली, कृत्यानं की तक्रारीनं? गावकुसाच्या आतले लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच म्हणत आले, गावाची बदनामी करू नका. खैरलांजीनंतरही हेच म्हणाले. तेव्हा आपण म्हणालो, बदनाम व्हायलाच पाहिजे असलं गाव. मग वस्तीला वेगळं माप का? बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये आपल्याच माणसांनी आपल्याच सुनाबायकांचे केलेले हाल लिहून ठेवले. १९८६ साली ते पुस्तक निघालं. समाज बुडाला का त्यानं? उलट पोरींना बोलायला जागा झाली.

सवर्णांच्या हातातलं कोलीत. जो आपल्याला बदनाम करायला टपलाय तो आपल्या गप्प बसण्यानं थांबणार नाही. आणि त्याच्या भीतीनं आपल्या पोरीचं तोंड दाबलं, तर तोंडावरचा हात कुणाचा?

तिसरं म्हणणं हळूच कानात सांगतात. हल्ली खोट्या केसेस फार. हे बोलणाऱ्या दोस्ता, २ एप्रिल २०१८ ला तू कुठं होतास? रस्त्यावर होतास. २० मार्चला सुप्रीम कोर्टानं ॲट्रॉसिटीच्या कायद्याचे दात काढले होते. कारण काय सांगितलं होतं? गैरवापर. खोट्या तक्रारी. तू चिडलास. म्हणालास, आमच्या तक्रारीवर आधी संशय, मग तपास, हा कुठला न्याय? तुझं बरोबर होतं. त्याच वर्षी संसदेला कायदा पूर्ववत करावा लागला. मग जी वागणूक तुला नको होती, ती बहिणीला का? तपास होऊ दे, उलटतपासणी होऊ दे, आरोपीला त्याचा वकील मिळू दे. तपास पोलिसाचा, निकाल कोर्टाचा. चहाच्या टपरीवर निकाल लावायचा अधिकार तुला कुणी दिला?

आणि ते परक्याचं भय. अंधारी गल्ली, अनोळखी माणूस. नॅशनल क्राइम रेकॉर्ड ब्युरोचे वर्षानुवर्षांचे आकडे सांगतात की नोंदलेल्या बलात्कारांत शंभरातल्या नव्वदाहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, लग्नाचं वचन देणारा, मालक. मग ती तिथं गेलीच कशाला याला अर्थ काय उरला? ती बहुतेक वेळा कुठं गेलेलीच नसते. घरात असते, कामावर असते, ओळखीच्या दारात असते.

आपल्याच इतिहासात बघा. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. दिवस गेलेल्या विधवा तिथं यायच्या, त्याही बहुतेक ब्राह्मणांच्या घरातल्या. त्यांतल्या कितीजणी घरच्याच पुरुषांच्या शिकार झालेल्या असतील. फुले दांपत्यानं दारात उभं करून चौकशी केली नाही, गुपचूप बाळंत व्हायला जागा दिली. त्यांतल्याच एकीचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. ज्या जातीनं शेण मारलं, त्या जातीच्या बाईलाही सावित्रीबाईंनी तो प्रश्न विचारला नाही. आपण आपल्याच पोरीला विचारतो.

बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ ला नागपूरच्या दलित महिला परिषदेत सांगितलं की समाजाची प्रगती आपण त्यातल्या बायकांच्या प्रगतीवरून मोजतो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. बाईचा दोष तिच्या जन्मातच आहे असं शिकवणारं ते पुस्तक. त्याचं एक पान आगीतून सुटलं आणि आपल्या जिभेला चिकटून बसलं. तेच हे, ती तिथं गेलीच कशाला.

मग करायचं काय? मोर्चा काढायला लागेल तेव्हा काढू. आधी हातातली कामं.

कुणी येऊन सांगितलं तर पहिल्यांदा ऐका. मध्ये तोंड घालू नका. तिला हवं असेल तर ठाण्यावर सोबत जा. कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते, हद्द नंतर बघतात. जबाब बाई अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. तक्रार नोंदवायला नकार देणारा पोलीस स्वतः गुन्हेगार ठरतो. दवाखाना सरकारी असो की खाजगी, पहिला उपचार फुकट द्यावा लागतो. कपडे धुवायचे नाहीत, कागदी पिशवीत ठेवायचे. पण दोन दिवस गेले, दोन महिने गेले, तरी तक्रार करता येते. आरोपी सवर्ण असेल तर ॲट्रॉसिटीची कलमं लागली का ते बघा. वकिलासाठी पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, तिचा अर्जही तिथंच. बलात्काराच्या खटल्यात तडजोड नावाची गोष्ट कायद्यात नाही. पोरगी अठराच्या आतली असेल तर माहीत असून गप्प बसणारासुद्धा पॉक्सोखाली गुन्ह्यात येतो. चार जाणत्या माणसांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि तिला तक्रार करायची नसेल, तर तेही तिचंच. तिच्या वतीनं शूर व्हायला जाऊ नका.

बाकी उरलं आपलं तोंड. कामावर, नाक्यावर, घरात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी तो प्रश्न काढला, तर हसून सोडू नका. तिथंच त्याला विचारा, यातून तू कुणाला सोडवतोयस? आमच्या टोळीत मी विचारायला लागलोय. दोघांनी बोलणं टाकलं. एकानं दुसऱ्या दिवशी बाजूला घेऊन बहिणीचं सांगितलं. सात वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या अंकाची पानं बायकांना मोकळी ठेवली आहेत. लिहा, लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ. नाव छापणार नाही. शुद्धलेखन बघणार नाही. आणि काहीही विचारणार नाही.

जय भीम.